बारा की सव्वाबारा

ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीला आठवडा राहिला असताना, माझे मार्गदर्शक सर माझ्या प्रबंधाच्या एका जोडपत्रावर बोट ठेवून बराच वेळ थांबले आणि मग शांतपणे म्हणाले, “मॅडम, ही उभी रेघ अडत्याची आहे की तुमची?”

पान होते शाहूपुरीतील एका जुन्या गूळ-अडत्याच्या घरच्या मोडी रोजकीर्दीचे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचे. जुन्या हिशेबांत आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. त्यामुळे ‘१२।’ हे मणांच्या रकान्यात सव्वाबारा मण होतात आणि रुपयांच्या रकान्यात बारा रुपये चार आणे. दुसरीकडे मोडीत आधी शिरोरेषा ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाण्याची पद्धत असल्याने शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, आणि माझ्यासारखा शिकाऊ वाचक ते सुटे करण्यासाठी मध्ये मध्ये उभ्या रेघा मारत जातो. मी त्या टॅबवर लाल रंगाने मारल्या होत्या, आणि उत्साहाच्या भरात आकड्यांच्या पुढेही मारल्या होत्या. ॲपमधून पान बाहेर काढताना माझ्या रेघा आणि मूळ छायाचित्र यांचे एकच चित्र झाले, राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात ते चित्र काळ्या रंगात छापले गेले, आणि सरांच्या टेबलावर पोहोचेपर्यंत अडत्याचे चार आणे आणि माझी शब्द तोडणारी रेघ यांत काही फरक उरला नव्हता. सरांच्या प्रश्नाला मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही.

टॅबवर वाचन आणि टिपणे करण्यासाठी ॲप निवडण्याचे काम मी खरे तर त्याच्या सव्वा वर्ष आधीच उरकले होते, निदान माझी तशी समजूत होती. ते कसे निवडले, कुठे चुकले आणि दुसऱ्यांदा निवडताना काय पाहिले, ते क्रमाने सांगते.

मी कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि शिवाजी विद्यापीठात पीएचडी करते. विषय कोल्हापूरच्या गूळ व्यापाराचा आहे, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली तिच्या आगेमागेचा काळ. या विषयाचे कागद तीन जातींचे आहेत. पहिली जात इंग्रजी छापील साधनांची. १८८६ मध्ये निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरविषयक चोविसावा खंड आणि संस्थानचे वार्षिक प्रशासकीय अहवाल यांच्या स्कॅन केलेल्या प्रती सहज मिळतात. दुसरी जात मराठी प्रबंध आणि नियतकालिकांतील लेखांची. यांतले काही शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले, काही विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात आणि करवीर नगर वाचन मंदिरात बसून टिपलेले. तिसरी जात त्या अडत्याच्या घरच्या दप्तराची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत पाणी शिरले तेव्हा त्या घरच्यांनी दप्तराची गाठोडी माळ्यावर चढवून वाचवली होती. पुढचा पूर येण्याआधी सगळ्याची छायाचित्रे काढून ठेवा, असे त्यांनीच मला सुचवले. मी २१४ पानांची छायाचित्रे काढली.

जून २०२३ मध्ये मी सॅमसंगचा एस सिक्स लाइट हा १०.४ इंची टॅब घेतला. त्याचे पेन बरोबरच मिळते आणि त्याला चार्जिंग लागत नाही, एवढ्या दोन गोष्टींवर तो ठरला. आमच्या स्टाफरूममधल्या गणिताच्या मॅडमकडे आयपॅड आहे आणि त्या गुडनोट्समध्ये इतकी देखणी टिपणे काढतात की मला काही दिवस हेवा वाटला, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांचे काम कोऱ्या पानावर सुरू होते आणि माझे दुसऱ्याने लिहिलेल्या पानावर. शिवाय गुडनोट्स फुकट वापरायचे तर तेव्हा तीनच वह्या मिळत, पुढे पैसे मोजावे लागत. नोटॅबिलिटी या ॲपने नोव्हेंबर २०२१ मध्ये एकदाच विकत घेण्याची पद्धत सोडून वर्गणीची पद्धत आणली आणि ग्राहक खवळल्यावर जुन्या ग्राहकांना मोकळीक दिली, ती हकिकत मला त्यांच्याकडूनच कळली. पीएचडीला नियमाने किमान ३ आणि कमाल ६ वर्षे असतात. दरवर्षी वर्गणी भरायची आणि ती थांबली की आपल्याच टिपणांपाशी अडून राहायचे, हा हिशेब मला पटला नाही.

पहिल्या फेरीत मी सात-आठ ॲपे चाळली. आज मागे वळून पाहिले तर मी ती साडी निवडावी तशी निवडत होते, असे दिसते. पेनाची रेघ कागदासारखी उमटते का, तळहात टेकला तर डाग पडतो का, रंग किती आहेत, वहीचे मुखपृष्ठ बदलता येते का, असल्या गोष्टींत मी दोन आठवडे घालवले. अभियांत्रिकीला असलेला माझा भाचा एकदा शेजारी बसून हे पाहत होता. तो म्हणाला, “आत्ती, पेन कसं चालतंय ते काय बघत बसलीयास? लिवलेलं भाईर कसं येतंय ते बघ की.” मी त्याला चहा करायला पाठवले. शेवटी ज्याची रेघ सर्वांत मऊ होती ते एक ॲप मी ठरवले. त्याचे नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा कमी आणि माझा जास्त होता. वह्या लिहिण्यासाठी केलेल्या ॲपमध्ये मी अस्सल साधनांवर खुणा करत बसले होते.

सरांच्या प्रश्नानंतर दिवाळीची सगळी सुट्टी मी एका बाजूला खुणांची पाने आणि दुसऱ्या बाजूला ड्राइव्हवर सुरक्षित असलेली मूळ छायाचित्रे ठेवून आकडे ताडून पाहण्यात घालवली. मूळ छायाचित्रांना मी हात लावला नव्हता म्हणून निभावले. फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप होता आणि घरातल्या कोणी ‘किती राहिली पाने?’ असे विचारले तरी मला राग येत होता. एकवीस ठिकाणी शंका होती. वीस ठिकाणांचा निकाल लागला आणि त्यांपैकी चौदा रेघा माझ्या निघाल्या. उरलेल्या एका ठिकाणी मूळ छायाचित्रातही ‘१२’ च्या पुढे काहीतरी उभे दिसत होते, पण ते शाईचे आहे की नाही हे पुरेसे मोठे करूनही ठरवता येईना.

त्यानंतर मी ॲप नव्याने निवडायला बसले आणि भाच्याला चहा न सांगता शेजारी बसवले.

त्याने आधी मला एक गोष्ट समजावून दिली, जी आमच्या संशोधन पद्धतीच्या तासांना कोणी सांगितली नव्हती. पीडीएफ हा अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेला प्रकार २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला, आणि त्या मानकात वाचकाने केलेल्या खुणांची वेगळी सोय आहे. हायलाइट, हाताने मारलेली रेघ, चिकटवलेली टीप, टंकलेला मजकूर, या प्रत्येकाची फाईलमध्ये स्वतंत्र नोंद राहते. मूळ पान तसेच खाली राहते आणि खुणा त्यावर ठेवलेल्या असतात, म्हणून त्या दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये निवडता येतात, पुसता येतात किंवा एकत्र काढून घेता येतात. जी ॲपे बाहेर काढताना सगळे एकजीव करून टाकतात, त्यांच्या फाईलमध्ये मात्र पान आणि खुणा यांचा काला होतो. मी ज्याला ‘सेव्ह केले’ म्हणत होते ते प्रत्यक्षात हे होते.

मग आम्ही कसोटीचे तीन पानांचे एक पीडीएफ बनवले. गॅझेटियरचे एक पान, एका मराठी प्रबंधाचे एक आणि कीर्दीचे एक. प्रत्येक पानावर त्याच पाच खुणा करायच्या, म्हणजे एका वाक्याला हायलाइट, हाताने एक कमान, चिकटवलेली मराठी टीप, पानावर टंकलेला मराठी मजकूर आणि एका भागाभोवती चौकट. मग ते ॲपमधून बाहेर काढून लॅपटॉपवर ओक्युलर आणि ॲक्रोबॅट या पीडीएफ वाचण्याच्या दोन्ही सॉफ्टवेअरांत उघडायचे आणि खुणेवर क्लिक केल्यावर ती एकटी हाती लागते का ते पाहायचे. ही कसोटी एका ॲपला दहा मिनिटे घेते. मी आधी दोन आठवडे घेतले होते.

इंग्रजी पानाने फारसा त्रास दिला नाही. त्या स्कॅनच्या मागे शोधता येणारा मजकूर असतो, त्यामुळे हायलाइट ओळीला धरून बसतो आणि वाक्य उचलताही येते. एकच खोड तिथे ध्यानात आली. पीडीएफचे पान आणि पुस्तकावर छापलेले पान यांत मुखपृष्ठ आणि प्रास्ताविक पानांमुळे वीसएक पानांचा फरक पडतो, आणि ॲप टिपणात जो क्रमांक घालते तो बहुधा पीडीएफचा असतो. तळटीपेत तो तसाच गेला की परीक्षकाला हवे ते पान सापडत नाही.

मराठी पानाची गोष्ट वेगळी होती आणि ती मला सविस्तर सांगावीशी वाटते, कारण इंग्रजीत लिहिलेल्या कोणत्याही शिफारशीत ती येणार नाही. युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक संगणकीय पद्धत रुळण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टांत पुस्तके आणि प्रबंध जुळवले जात. या फॉन्टांत पडद्यावर ‘गूळ’ दिसतो, पण फाईलच्या पोटात त्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. हायलाइट छान उमटतो. पण हायलाइट केलेली वाक्ये एकत्र काढून टिपण बनवायला सांगितले की उद्गारचिन्हे, टक्क्यांच्या खुणा आणि कंस यांचा भुगा हाती येतो. त्या फाईलमध्ये ‘अडत’ शोधले तर शून्य उत्तरे येतात आणि माणसाला वाटते की लेखकाने अडतीविषयी लिहिलेलेच नाही. मी एका प्रबंधाबाबत तसे समजून चालले होते, आणि त्यात अडतीवर सबंध प्रकरण होते. युनिकोडमध्ये असलेल्या काही पीडीएफांतही उचललेल्या मजकुरात पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटून येते, ते निराळेच.

यावर भाच्याने टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मराठीसाठी चालवून पानाच्या प्रतिमेवरून नवा मजकूर तयार केला आणि तो ओसीआरमायपीडीएफच्या साहाय्याने फाईलच्या मागे बसवला. स्वच्छ छपाईच्या प्रबंधांवर त्याने चांगले काम केले. अनुस्वार गळतात, ‘ब’ आणि ‘व’ यांची अदलाबदल होते, पण शोधण्यापुरते ते चालते. जुन्या खिळ्यांच्या, शाई फुटलेल्या छपाईवर मात्र त्याची मात्रा चालली नाही. शोधताना आणखी एक मराठीपण आड येते. ‘गूळ’ शोधले तर ‘गुळाचा’, ‘गुळास’ सापडत नाहीत, कारण सामान्यरूपात ऊकार ऱ्हस्व होतो. आता मी दोन्ही वेगवेगळे शोधते.

कसोटीच्या पाच खुणांपैकी चौथीने, म्हणजे पानावर टंकलेल्या मराठी मजकुराने, निम्म्याहून अधिक ॲपांना गुडघ्यावर आणले. टॅबवर नीट दिसणारे ‘क्षेत्र’ लॅपटॉपवर सुटी अक्षरे आणि पाय मोडलेली व्यंजने होऊन आले, एका ठिकाणी तर नुसते चौकोन आले. त्याच ॲपांत चिकटवलेली टीप मात्र सर्वत्र शाबूत राहिली. पानावर टंकलेल्या मजकुराचे रूप त्या वेळच्या फॉन्टासह फाईलमध्ये गोठवले जाते आणि टिपेचा मजकूर उघडणारे सॉफ्टवेअर स्वतःच्या फॉन्टने दाखवते, असा त्याचा उलगडा भाच्याने केला. तेव्हापासून मी पानावर टंकत नाही. जे टंकायचे ते टिपेत टंकते.

या कसोटीतून खुणा करण्यासाठी झोडो ठरले. नाव मराठी कानाला जरा मारकुटे वाटते, पण त्याच्या खुणा लॅपटॉपवर एकेक करून हाती लागल्या, आणि ज्या फाईलला हात लावला तीच ड्राइव्हवर जपली गेली. ॲक्रोबॅट रीडरही कसोटीला उतरले होते. दोहोंत झोडोचे पेन मला बरे वाटले. पेनाचा विचार करण्याची पाळी आता कुठे आली होती, आणि या वेळी ती शेवटी आली.

खुणा एकत्र करून टिपणे आणि तळटिपा बनवण्याचे काम मी झोटेरोकडे दिले. ते फुकट आणि मुक्त आहे, आणि मार्च २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात पीडीएफ वाचण्याची सोय आहे. झोडोत केलेल्या खुणा लॅपटॉपवरच्या झोटेरोत आयात करता येतात आणि एका क्लिकवर सगळी हायलाइट केलेली वाक्ये पानांच्या क्रमांकांसह टिपणात उतरतात. पानाचा क्रमांक छापील पानाप्रमाणे दुरुस्त करण्याची सोयही आहे. ज्या मराठी पानांचा मजकूर भुग्यासारखा येतो, तिथे मी झोटेरोच्या चौकटीच्या हत्याराने तेवढा भाग चित्र म्हणून उचलते आणि खाली दोन ओळी स्वतः लिहिते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. झोटेरोत थेट केलेल्या खुणा पीडीएफच्या पोटात जात नाहीत, त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत राहतात, आणि फाईल दुसऱ्याला द्यायची तर त्या मुद्दाम निर्यात कराव्या लागतात. सरांना एकदा मी तशीच फाईल पाठवली आणि त्यांना कोरे पुस्तक मिळाले. अँड्रॉइडचे झोटेरो ॲप आता आले आहे, पण आयपॅडच्या मानाने ते पुष्कळ उशिरा आले आणि तोवर माझी ही दोन टप्प्यांची घडी बसून गेली होती.

झोटेरोची फुकट साठवण ३०० एमबी आहे. माझ्या कीर्दीची २१४ छायाचित्रेच एक जीबीच्या घरात जातात, म्हणून मोडी दप्तर मी झोटेरोत घातलेच नाही. ते ड्राइव्हवर आहे आणि त्याची एक प्रत भाच्याच्या हार्ड डिस्कवर.

मोडीच्या पानांसाठी पद्धतच बदलावी लागली. लिब्रे ऑफिसमध्ये आडव्या पानाच्या डाव्या भागात छायाचित्र बसवले आणि उजवा भाग रेघा आखून कोरा ठेवला. त्या पानांच्या वीस-वीस पानांच्या पीडीएफ केल्या, कारण सगळी एकत्र केल्यावर टॅब दम टाकत होता. शब्द तोडण्यासाठी आता उभी रेघ नाही. प्रत्येक शब्दाखाली हिरव्या रंगाची झोळीसारखी कमान येते, आणि लिप्यंतर उजव्या भागात त्याच ओळीसमोर हाताने लिहिले जाते. आकड्यांच्या रकान्यात पेन अजिबात टेकवायचे नाही, शंका असेल तर टीप चिकटवायची, हा नियम मी टॅबच्या कव्हरच्या आत कागदावर लिहून चिकटवला आहे. हे वाचून सर हसले होते, पण हिरव्या कमानी झेरॉक्समध्ये करड्या होऊन अक्षरांच्या खालीच राहतात हे पाहिल्यावर त्यांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्यालाही ती पद्धत सांगितली.

हस्ताक्षरातली मराठी टिपणे शोधून देण्याच्या बाबतीत मी वापरून पाहिलेले एकही ॲप भरवशाचे निघाले नाही. माझे अक्षर हे एक कारण असू शकेल. त्यामुळे प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर विषय, साल आणि गावाचे नाव मी टंकून ठेवते आणि खालचे हाताने लिहिते. सरांशी होणारी चर्चा तेवढी सॅमसंग नोट्समध्ये असते. त्यात लिहिताना आवाजही टिपला जातो आणि नंतर लिहिलेल्या ओळीवर टेकवले की त्या क्षणीचे बोलणे ऐकू येते. सरांची परवानगी पहिल्याच दिवशी घेतली आहे. ते एक वाक्य सुरू करून तिसऱ्याच विषयावर जातात आणि दहा मिनिटांनी पहिल्यावर परततात, त्यामुळे या सोयीचे मोल मला जेवढे आहे तेवढे इतरांना नसेल.

उरलेल्या एका ‘१२’ चा निकाल कोणत्याही ॲपने लावला नाही. जानेवारीत एका रविवारी सर आणि मी शाहूपुरीतल्या त्या घरी गेलो. त्या घरच्या आजोबांनी गाठोडे सोडले, कीर्दीचे पान खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरले, आणि त्या रेघेतून पलीकडचा उजेड दिसला. शाई नव्हती, कागद घडीवर चिरला होता. “बाराच मण हाय की ते,” आजोबा म्हणाले आणि पान पुन्हा गुंडाळू लागले.